लाखांचं घड्याळ: रोज मनगटावर की कपाटात?

मनगटवाला (धागाकर्ता)

मागच्या दिवाळीत ओमेगा सीमास्टर घेतलं. 300 मीटर खोलीएवढा पाण्याचा दाब सोसणारं, निळ्या तबकडीवर लाटा कोरलेलं. नोकरीला 22 वर्षं झाली, त्यातली शेवटची 6 वर्षं ह्या एका वस्तूसाठी दर महिन्याला पैसे बाजूला टाकत होतो. आणलं आणि पहिले 3 महिने कपाटात ठेवलं. लग्नाला, सत्यनारायणाला काढायचं, पुसायचं, परत डबीत. ऑटोमॅटिक असल्यानं हातावर नसलं की साधारण 55 तासांत थांबतं. दर वेळी डबी उघडली की काटे भलत्याच वेळेवर. एका शनिवारी ते बंद पडलेलं घड्याळ हातात घेऊन बसलो आणि स्वतःलाच विचारलं, हे मी घेतलं कशासाठी?

त्या सोमवारपासून रोज घालतोय. डोंबिवली ते दादर लोकल, ऑफिस, येताना भाजी, रविवारी मुलाबरोबर क्रिकेटमध्ये बॉलिंगसुद्धा. 5 महिन्यांत पट्ट्याच्या कडीवर लॅपटॉपचे बारीक ओरखडे उमटलेत. काचेवर एकही नाही, आणि त्याला कारण आहे. काच सफायरची आहे, मोह्सच्या पट्टीवर तिचं काठिण्य 9. आपल्याकडच्या धुळीत जे वाळूचे कण असतात ते 7. स्टील दोघांपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडतो तो स्टीलवर.

माझं मत असं की ही घड्याळं वापरण्यासाठीच जन्माला आली. रोलेक्सनं 1926 मध्ये ऑयस्टर हे पाणी न शिरणारं घड्याळ आणलं आणि पुढच्याच वर्षी मर्सिडीझ ग्लाइट्झ ही जलतरणपटू ते घेऊन इंग्लिश खाडीत उतरली. 10 तासांहून जास्त वेळ थंडगार पाण्यात, तरी घड्याळ चालूच. ही 1927 ची गोष्ट. आणि आपण 300 मीटरचं घड्याळ घालून पहिल्या पावसाला घाबरायचं?

तुम्ही काय करता? कपाटात ठेवणाऱ्यांचं म्हणणं मला मनापासून ऐकायचंय.

---

सदाशिवपेठी

कपाटात ठेवणारा मी. माझ्याकडे आजोबांचं जुनं सोन्याचं घड्याळ आहे आणि स्वतः घेतलेलं एक स्विस. दोन्ही वर्षातून चारपाच वेळा घालतो आणि त्यात मला काही कमी वाटत नाही.

तुमच्या ग्लाइट्झच्या गोष्टीत थोडी भर घालतो. ते घड्याळ तिच्या मनगटावर नव्हतं, गळ्यात अडकवलेलं होतं. शिवाय त्या दिवशी खाडी पार झाली नाही, थंडीनं तिची अवस्था बघून तिला पाण्याबाहेर काढावं लागलं. खाडी ती दोन आठवडे आधीच पोहून गेली होती, तेव्हा घड्याळ नव्हतं. पोहणं थोरच, त्याबद्दल वाद नाही. पण एक कोरं करकरीत घड्याळ, एक दिवस, आणि महिन्याभरानं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात. ह्यातून रोजच्या वापराबद्दल काय सिद्ध होतं? असं कोणतंही घड्याळ पहिल्या दिवशी पाणी अडवतं. प्रश्न आठव्या वर्षाचा आहे.

दुसरं, ओरखडे. आज कडीवर आहेत, उद्या केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, येतील. मग तुम्ही पॉलिश करून घ्याल. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं. दोनतीनदा केलं की केसच्या धारदार कडा गोल होतात, ब्रश केलेला आणि चकचकीत भाग जिथे भेटतात ती रेघ पुसट होते. ती परत आणणं फार अवघड. आजोबांच्या घड्याळाचे चारही कान (पट्टा अडकतो ती टोकं) कोण्या हौशी माणसानं असेच घासून ठेवलेत. हातात घेतलं की अजूनही जीव हळहळतो.

---

तिखटमीठ

सदाशिवपेठी, ओरखड्यांचं इतकं दुःख का? माझ्या हातात रोज ट्यूडर असतं. 41 मिलीमीटरचं, 'बायकी' नसलेलं, ह्यावर सासरी बरीच चर्चा होऊन गेली. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला तिनं स्टीलच्या वाटीनं त्यावर ठणाठण वाजवलं होतं, त्याची खूण 6 च्या खाली कडेला आहे. ती मी कधीही पॉलिश करून काढणार नाही.

पण स्वयंपाकघरात मी ते काढते, आणि त्याचा पैशाशी संबंध नाही. कणीक पट्ट्याच्या सांध्यांत जाते, वाळते, आणि टूथपिकनं उकरली तरी निघत नाही. फोडणीचं तेल उडतं. कुकरच्या वाफेवर हात जातो. फ्रिजवर एक छोटी वाटी ठेवलीय, घरात आलं की घड्याळ तिच्यात. एकदा ही वाटी ओट्यावर होती, पुसताना धक्का लागला आणि घड्याळ कोटा फरशीवर. कडेच्या रिंगमधल्या चकतीला तडा गेला. तेव्हा कळलं की मनगटावर असताना जे टिकतं ते काढून ठेवताना फुटतं.

---

मनगटवाला

@तिखटमीठ, हे शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलंय. माझी कडेची रिंग सिरॅमिकची आहे. ओरखडा जवळजवळ पडत नाही, पण दगडावर आपटली तर पोचा न येता थेट तुकडा उडतो. म्हणजे सतत काढघाल करणं हाच धोका!

@सदाशिवपेठी, गळ्यातल्या घड्याळाचा मुद्दा मान्य. पण जेजर लेकूल्त्रचं रेव्हर्सो घ्या, ते तर आपल्याच मातीतल्या कारणानं बनलं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून 1931 मध्ये केस उलटी फिरवता येईल अशी रचना केली. खेळताना घालता यावं म्हणूनच ना? आणि राफाएल नदाल 2010 पासून रिशार मिलचं घड्याळ घालून सामने खेळला.

---

सदाशिवपेठी

रेव्हर्सो माझ्याच बाजूनं बोलतंय. घोड्यावर बसायची वेळ आली तेव्हा काच आत आणि स्टीलची पाठ बाहेर. ह्याला जपणंच म्हणतात. नदालचं घड्याळ तर त्याच्या खेळासाठीच बनवलेलं, पहिलं तर पट्ट्यासकट 20 ग्रॅमहून हलकं. तुमचं स्टीलच्या पट्ट्यासकट किती भरतं ते किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा, मग बॉलिंगचं बोलू.

---

लंबक

दोघांचं भांडण वाचतोय. वडिलांपासून घड्याळदुरुस्तीचं काम आहे आमच्याकडे, मी 31 वर्षं डोळ्याला भिंग लावून बसतो. तुम्ही दोघंही ओरखड्यांवर बोलताय, आणि माझ्या टेबलावर ओरखड्यानं मेलेलं घड्याळ आजवर आलेलं नाही. मेलेली येतात ती पाण्यानं.

झाकणाखाली, काचेखाली आणि चावीच्या (बाजूच्या फिरवायच्या बटणाच्या) दांडीवर रबरी रिंगा असतात. पाणी अडवतात त्या, स्टील नाही. रबर घाम, साबण, परफ्यूम आणि उष्णतेनं कडक होतं, चपटं होतं. बाहेरून काहीही दिसत नाही. डायलवर 300 मीटर लिहिलेलं तसंच राहतं. म्हणून सदाशिवपेठींचा आठव्या वर्षाचा प्रश्न शंभर टक्के खरा. पण त्यांचं उत्तर चुकीचं. रबर कपाटातही म्हातारं होतं. आत तेल असतं, तेही सुकतं. कपाटात 12 वर्षं ठेवलेलं 'जपलेलं' घड्याळ एक दिवस कोणी लग्नात घालतो, पावसात भिजतो, आणि सोमवारी माझ्याकडे येतो.

गेल्या जुलैत असंच एक आलं. काचेच्या आतून मोहरीएवढे थेंब. मालकानं ते 5 दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. झाकण उघडलं तर चावीच्या दांडीजवळची स्प्रिंग लाल, गंजाची भुकटी थेट पहिल्या चाकापर्यंत. त्याच दिवशी आणलं असतं तर उघडून, सुकवून, तेलपाणी करून काम झालं असतं. तांदूळ बंद केसच्या आतलं पाणी ओढत नाहीत. आत वाफ दिसली की दिवस मोजू नका, तास मोजा.

आता चावीचं. स्क्रूची चावी असलेली निम्मी भिजलेली घड्याळं चावी उघडी राहिल्यामुळे भिजतात. तारीख लावली, दाबून बसवली, फिरवून घट्ट करायचं राहिलं. दार उघडं टाकून कुलूप किती लिव्हरचं आहे ते मोजण्यात अर्थ नाही.

बॉलिंगबद्दल: धागाकर्ते उजव्या हातानं टाकत असतील आणि घड्याळ डाव्या हातात असेल तर मला चिंता नाही. बॅटिंगला मात्र काढा. चेंडू बॅटला लागतो तो झटका दोन्ही मनगटांत जातो. आतल्या बॅलन्सचं, म्हणजे वेळ राखणाऱ्या डोलत्या चाकाचं, टोक केसाएवढं बारीक असतं. त्याच्या खड्याखाली स्प्रिंग असते, त्यामुळे एखादी पडझड निभावते. शॉकची जी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे ती साधारण 1 मीटरवरून कठीण लाकडावर पडण्याएवढ्या धक्क्याची. एका तासात दोनशे झटके ही वेगळी गोष्ट आहे.

---

ताशाची_काडी

लंबकदादा, मग ढोलपथकाचं काय? मी 9 वर्षं ढोल वाजवतो. पथकात दोघंतिघं स्विस घालून येतात, फोटोत छान दिसतं म्हणून. मी साधं सेलवरचं घालायचो, त्याचीही पट्ट्याची पिन मिरवणुकीत निसटली होती.

---

लंबक

काढून या. टिपरू बसलं की पूर्ण मनगट हादरतं, आणि ते तासन्‌तास. वर घाम आणि गुलाल. गुलालाची पूड पट्ट्याच्या पिनांत बसते आणि घामाबरोबर कानशीसारखी घासते. विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे पट्टे धुवायची रांग असते.

---

गल्फकर

मी उलट्या टोकाहून लिहितोय, दुबईत आहे. बाहेर 45 अंश, मॉलमध्ये 20. रबरी रिंग जरा जरी दमलेली असेल तरी आत गेलेली दमट हवा काचेवर धुकं धरते. दर वर्षी प्रेशर टेस्ट (पाणी अडतंय का ह्याची तपासणी) करून घेतो, चहा पिऊन होईपर्यंत होते.

आणखी एक गोष्ट, जिचा इथे उल्लेख झाला नाही: चुंबक. माझं जुनं ऑटोमॅटिक एकदा अचानक दिवसाला 4 मिनिटं पुढे जायला लागलं. मला वाटलं आपटलं. निघालं काय, तर रोज रात्री ते टॅबलेटच्या चुंबकी कव्हरवर ठेवत होतो. दुकानदारानं मशीनवर एकदा फिरवलं, ठीक झालं. धागाकर्त्यांचं आजचं मॉडेल असेल तर त्यांना हे दुखणं नाही, ओमेगाची ती घड्याळं 15,000 गॉसपर्यंत (गॉस हे चुंबकी क्षेत्राचं माप) तपासलेली असतात. पण साध्या यांत्रिक घड्याळाची चुंबकाची प्रमाणित कसोटी साधारण 60 गॉसची. फोनच्या स्पीकरवर घड्याळ ठेवू नका, इंडक्शन शेगडीवर तर मुळीच नको.

---

सदाशिवपेठी

लंबक, तुमच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण एक विचारतो. रोज घालणाऱ्याला प्रेशर टेस्ट, पट्टा धुणं, चावी तपासणं, ढोलाला काढणं, फोडणीला काढणं. एवढी नजर ठेवायची तर ते घड्याळ सुखानं 'रोज घातलं' असं म्हणायचं का? माझ्या वडिलांनी एकच एचएमटी आयुष्यभर घातलं. रोज सकाळी चावी द्यायची, आंघोळीला जाताना खिडकीत ठेवायचं, संपलं. ते मनात घर करून नव्हतं. लाखांचं घड्याळ घातलं की माणूस लोकलमध्ये दांड्याऐवजी स्वतःचं मनगट धरतो. मला हे जमत नाही, म्हणून कपाट.

---

तिखटमीठ

पण तुमच्या वडिलांनी आंघोळीला काढलंच ना! पाणी, ताप, आपटणं, ह्याकडे त्यांचीही नजर होती. सवय झाली म्हणून ती जाणवत नव्हती एवढंच. मला वाटीची सवय व्हायला 2 आठवडे लागले.

लोकलचा मुद्दा मात्र मला पटतो. गर्दीच्या वेळी मी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालते आणि घड्याळ बाहीखाली ठेवते. चोरीपेक्षा दाराच्या खांबावर घासण्याची भीती जास्त.

---

मनगटवाला

@सदाशिवपेठी, तुम्ही लिहिलंत ते माझ्या बाबतीत खरं आहे. पहिला महिना मी दांडा उजव्या हातानं धरून डावा हात पोटाशी घेऊन उभा राहायचो. आता नाही. कडीवर पहिला ओरखडा आला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि त्याच दिवशी ते घड्याळ माझं झालं. हे पटवून देता येणार नाही, पण खोटं नाही.

@लंबक, एक कबुली. तुमचं वाचून चावी बघितली. उघडी होती. रविवारी तारीख लावली तेव्हापासून, म्हणजे 4 दिवस. काल पावसात स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलोय. काचेत काही दिसत नाहीये. आत पाणी गेलं असेल का हे घरी कळू शकतं?

---

लंबक

आधी चावी घट्ट करा. मग घड्याळ हाताला चांगलं कोमट लागेल एवढं गरम होऊ द्या, 40 ते 45 अंश, त्याहून जास्त नाही. आमच्याकडे त्यासाठी तापती प्लेट असते. घरी दुपारच्या उन्हात खिडकीत ठेवलंत तरी अंदाज येतो. गरम असतानाच काचेवर माठातल्या पाण्याचा एक थेंब सोडा. एक मिनिट थांबा, पुसा, आणि उजेडात तिरकं धरून बघा. थेंबाच्या जागी आतून धुकं दिसलं तर ओल आहे. तसं असेल तर चावीला हात न लावता ताबडतोब अधिकृत सेंटरला द्या, वॉरंटी चालू आहे तोवर माझ्यासारख्याकडे उघडायला देऊ नका.

आणि गरम पाण्याची आंघोळ घड्याळ घालून करत असाल तर आजपासून बंद.

---

मनगटवाला

केलं. आज ऊन नव्हतं, म्हणून हेअर ड्रायरच्या गरम हवेत दुरून धरलं, बायकोनं थेंब सोडला. एक मिनिट आम्ही दोघं श्वास धरून. पुसलं. काच स्वच्छ आहे, धुकं नाही. तरी शनिवारी सेंटरला नेऊन प्रेशर टेस्ट करून घेतोय. तोपर्यंत भाजीला, ऑफिसला घालीन, पावसात नाही.

---

लंबक

ड्रायर पुन्हा वापरू नका, एकाच जागी फार तापतं. बाकी बरोबर केलंत.

---

सदाशिवपेठी

धुकं नाही हे वाचून बरं वाटलं. माझं मत तेच आहे, कपाट. पण लंबक, रबर कपाटातही म्हातारं होतं हे डोक्यातून जात नाहीये. स्विस घड्याळ 2013 मध्ये घेतलं, एकदाही उघडलेलं नाही. आत्ता काढून चावी फिरवली, 20 सेकंद चाललं आणि थांबलं. आणू का तुमच्याकडे?

---

लंबक

आणा. आता आणखी चावी देऊ नका, सुकलेल्या तेलावर चाकं घासतात. आहे तसंच घेऊन या. आजोबांचंही आणा, त्याच्या कडा मला बघायच्यात.