मदत हवी आहे: पिस्टन्सनी श्रोडरला आणलाय, केड बसतो त्या तेरा मिनिटांचं काही होईल का?

संत्राबर्फी | 10 फेब्रुवारी 2025

मंडळी नमस्कार. मूळ नागपूर, सध्या मुक्काम नोव्हाय, मिशिगन. क्रीडा विभागात सगळे क्रिकेटवालेच असतात त्यामुळे तिथे टाकला असता तर हाकललं असतं, म्हणून इथे टाकतोय, ॲडमिननी हवा तिथे हलवावा.

झालंय असं की लेक आठवीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये गार्ड (म्हणजे बॉल घेऊन वर येणारी) खेळते, पण पहिल्या पाचात नाही, बेंचवरून येते, आणि त्यावरून घरात रोजचं तोंड फुगलेलं असतं. आम्ही दोघं एनबीएमधल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) डेट्रॉइट पिस्टन्सचे फॅन. गेल्या सीझनला 82 पैकी 14 जिंकल्या होत्या, मधे ओळीने 28 हरलो, तेव्हाही बघत होतो म्हणजे बघा. यंदा नवीन कोच बिकरस्टाफ आला आणि टीम अचानक माणसात आली. आमचा मुख्य गार्ड केड कनिंगहॅम पहिल्यांदा ऑल स्टार झालाय. पण 1 जानेवारीला दुसरा गार्ड जेडन आयव्हीचा पाय मोडला आणि तेव्हापासून केड बेंचवर गेला की आमचं पोट दुखायला लागतं. तो साधारण 35 मिनिटं खेळतो, मॅच 48 ची, म्हणजे उरलेली तेरा मिनिटं बॉल घेऊन वर कोण येणार? सॅसर पोरगा चांगला आहे पण तो शूटर, बीझली तर निव्वळ शूटर.

आता 6 तारखेला ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) डेडलाइनच्या दिवशी जर्मन गार्ड डेनिस श्रोडर आला. जिमी बटलर गोल्डन स्टेटला गेला त्या मोठ्या भानगडीत हा इकडे येऊन पडला. एका सीझनमध्ये तिसरी टीम. ब्रुकलिनला 18 पॉइंटच्या वर ॲव्हरेज होतं, गोल्डन स्टेटला जाऊन एकदम साडेदहा. शूटिंग 37 टक्क्यांच्या आसपास!

लेक म्हणते, "बाबा, एवढं करून तो पण शेवटी बेंचवरच ना, मग आणला कशाला?" मी शाळेत असताना सिमेंटच्या कोर्टवर गार्ड खेळायचो पण तिला पटेल असं काही बोलता येईना. तर मदत हवी आहे ती अशी की एक, गोल्डन स्टेटला जे झालं ते इथे होणार नाही कशावरून, आणि दोन, अशा माणसाचा उपयोग होतोय की नाही हे मॅच बघताना ओळखायचं कसं, कारण नुसते पॉइंट बघून तर काही कळत नाही.

फ्रीमाँटचा_काका | 10 फेब्रुवारी

घेऊन जा आणि परत पाठवू नका 😀 आम्ही दोन महिने सोसलाय.

मस्करी सोडा, पण दोष सगळा त्याचा नाही हे मी गोल्डन स्टेट वॉरियर्सचा फॅन असूनही सांगतो. आमच्याकडे आमचा स्टार गार्ड करी बॉल देऊन टाकतो आणि पळत सुटतो, सगळे पळतात, पडदे लावतात (आडवं उभं राहून डिफेंडरची वाट अडवतात), बॉल अर्धा सेकंद पण हातात ठेवायचा नाही. श्रोडरचं सगळं आयुष्य बॉल हातात घेऊन गेलंय. सोलो तबला वाजवणाऱ्याला कोरसमध्ये उभं केल्यासारखं झालं, टाळ्या पण चुकायला लागला बिचारा. शिवाय कोपऱ्यात मोकळा उभा राहून थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारायचा तर त्याच्या मागे कुणी धावतच नव्हतं. तुमच्याकडे तो प्रश्न यायचा नाही असं वाटतं, तुमचा कोच त्याला बॉल देऊन बाजूला होईल.

थर्डअंपायर | 11 फेब्रुवारी

बास्केटबॉलमधलं शून्य कळतं पण धागा वाचला. म्हणजे हा नाइटवॉचमन आहे का?

संत्राबर्फी | 11 फेब्रुवारी

@थर्डअंपायर नाही हो, नाइटवॉचमन आऊट झाला तरी चालतं. हा म्हणजे बुमराहचा स्पेल संपल्यावर दुसऱ्या टोकाने येऊन जो रन रोखून धरतो ना, विकेट नाही मिळाली तरी चालेल पण फटकेबाजी नको, तसला. बरोबर सांगतोय का मी जाणकारहो?

पाटीवरचा_खडू | 11 फेब्रुवारी

बरोबरच आहे पण अर्धंच. मी वीस वर्षं शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतोय, जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं काम तुम्ही म्हणता तेच, केड बसला की घर लुटलं जाऊ नये. त्यासाठी श्रोडरकडे एक गोष्ट नक्की आहे, पिक अँड रोल. आपले उंच सेंटर डुरेन किंवा स्टुअर्ट येऊन पडदा लावणार, हा त्या पडद्याच्या कडेने सुसाट आत घुसणार, मोठा माणूस मागोमाग रिंगकडे धावणार. आता डिफेन्सला एकालाच धरता येतं. श्रोडरला धरलं तर डुरेनला उंच बॉल, डुरेनला धरलं तर हा स्वतः लेअप (रिंगजवळ जाऊन सोपा शॉट), आणि कोपऱ्यातून कुणी मदतीला आत सरकला की बाहेर बीझली नाहीतर हार्डवे ज्युनियर थ्रीसाठी टपलेलेच. गोल्डन स्टेटला डुरेनसारखा उड्या मारणारा सेंटर नव्हता हे काकांनी सांगितलं नाही.

दुसरं काम लोकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे केड कोर्टवर असताना त्याच्यासोबत खेळणं. केडचे टर्नओव्हर (बॉल समोरच्याला गमावणं) बघा, मॅचला चारच्या वर जातात. तो वाईट खेळतो म्हणून नाही, प्रत्येक वेळी बॉल त्यानेच आणायचा, प्रत्येक वेळी दोघं अंगावर, चौथ्या क्वार्टरपर्यंत माणूस दमतोच. शेजारी दुसरा बॉल हाताळणारा असला की केड चार पझेशन (बॉल आपल्याकडे असण्याच्या पाळ्या) कोपऱ्यात उभा राहून श्वास घेऊ शकतो. आणि दोन-तीन गार्ड एकत्र खेळवायची श्रोडरला सवय आहे. 2019-20 ला ओक्लाहोमाच्या टीममध्ये ख्रिस पॉल, शाई आणि हा असे तिघं गार्ड शेवटची मिनिटं एकत्र खेळायचे आणि भल्याभल्यांना धुवायचे. त्या वर्षी बेंचवरून येऊन जवळपास 19 पॉइंटचं ॲव्हरेज, सिक्स्थ मॅनच्या (बेंचवरच्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसाच्या) मतदानात दुसरा आलेला. लेकीला हे जरूर सांगा.

बघायचं काय? दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरची पहिली चार मिनिटं. स्कोअर कागदावर लिहा, केड आत आला की परत लिहा. फरक तेवढाच राहिला तरी तो पास. त्याने किती मारले हे बघूच नका. एका मॅचवरून निकाल पण लावू नका, दहा मॅचच्या चिठ्ठ्या साठवा.

डोकेदुखी पण आहे. आपला ऑसर थॉम्पसन बाहेरून मारत नाही, श्रोडरचा पण काही भरवसा नाही, हे दोघं आणि डुरेन एकत्र आले तर सगळा डिफेन्स रिंगखाली चादर पसरून बसेल. आणि उंची सहा फूट एक. प्लेऑफमध्ये (सीझन संपल्यावरच्या बाद फेऱ्यांत) समोरचे त्याच्याच अंगावर पडदे आणणार हे लिहून ठेवा.

काठावरचा_प्रेक्षक | 11 फेब्रुवारी

ज्या माणसाने बातम्यांप्रमाणे लेकर्स टीमचे 84 मिलियन डॉलर नको म्हणून सांगितले आणि मग बॉस्टनला सहासुद्धा नाही अशा रकमेवर सही केली त्याच्या डिसिजन मेकिंगवर तुमची टीम सोपवताय. शुभेच्छा 🙏

ब्राउनश्वाइगकर | 12 फेब्रुवारी

काठावरून बोलणं सोपं असतं भाऊ. मी चाकणहून कंपनीने इकडे पाठवलेला, राहतो जर्मनीत ब्राउनश्वाइगला, म्हणजे डेनिसच्याच गावात. इथे त्याला नुसतं डेनिस म्हणतात. लहानपणी हा स्केटबोर्डवाला, इथल्याच पार्कात खेळताना क्लबच्या कोचने हेरला. आज त्याच क्लबचा मालक आहे.

आणि 2023 चा बास्केटबॉलचा वर्ल्ड कप विसरलात का? सेमीफायनलला अमेरिकेला 113-111 ने काढलं, मनिलाला फायनलमध्ये सर्बियाला 83-77, त्यातले 28 एकट्याचे, स्पर्धेचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). तेव्हापासून ऑफिसमधले जर्मन लोक लंचला फुटबॉल सोडून दुसऱ्या कशावर पण बोलतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुद्दा असा की जर्मनीकडून तो राजासारखा खेळतो आणि क्लबात गेला की भाडेकरू, सारखं सामान बांधायचं. पण मोठ्या मॅचला हात थरथरत नाही त्याचा. तेवढं एप्रिलमध्ये प्लेऑफला आठवा.

जुना_पिस्टन | 12 फेब्रुवारी

1988 पासून डेट्रॉइटच्या आसपास आहे, बॅड बॉईज (तेव्हाच्या पिस्टन्सचं टोपणनाव) डोळ्यांनी पाहिलेत. अहो बेंचवरचा गार्ड ही तर आपल्या टीमची परंपरा! विनी जॉन्सन 1981 मध्ये सिॲटलहून ट्रेडमध्येच आला होता. आयझेया थॉमस आणि जो ड्युमार्सच्या मागे बसायचा, आत आला की लगेच तापायचा म्हणून नावच मायक्रोवेव्ह पडलं. 1990 च्या फायनलची पाचवी मॅच, पोर्टलंड, 0.7 सेकंद शिल्लक असताना बॉल कोणी मारला? विनीने. 92-90, कप घरी. ड्युमार्स-थॉमससारखे टीममध्ये असताना बॉल बेंचवाल्याच्या हातात, विचार करा.

2004 लाही तेच. सगळ्यांना रशीद वॉलेसचा ट्रेड आठवतो, पण त्याच व्यवहारात माइक जेम्स नावाचा बॅकअप गार्ड आला होता हे कुणाला आठवत नाही. तो आणि लिंडसे हंटर, तेव्हाचा मुख्य गार्ड बिलप्स बसला की दोघं उतरायचे आणि समोरच्याला बॉल अर्ध्या कोर्टपर्यंत आणणं मुश्किल करून टाकायचे, लोक पिट बुल म्हणायचे त्यांना. चार महिन्यांत कप. श्रोडर पण असाच पूर्ण कोर्टभर मागे लागतो. कपाचं सोडा, पण तेरा मिनिटांना तो पुरेल.

संत्राबर्फी | 12 फेब्रुवारी

बाप्पा, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. विनी जॉन्सनचा शॉट लेकीला दाखवला. तीनदा बघितला, बोलली काहीच नाही, पण फोन परत दिला नाही.

खडू सर, चिठ्ठ्या सुरू करतो.

संत्राबर्फी | 27 फेब्रुवारी

अपडेट. काल बॉस्टनला 117-97 ने हरवलं, सलग आठवी! चिठ्ठ्यांची जबाबदारी लेकीने घेतलीये, फ्रिजवर मॅग्नेटखाली गठ्ठा झालाय, बायको म्हणते किराण्याची यादी सापडत नाही. माझं निरीक्षण असं की श्रोडरचे पॉइंट काही फार नाहीत, शॉट पण चुकतातच, पण केड बसला की पूर्वी जे सगळे एकमेकांकडे बघत उभे राहायचे ते बंद झालंय. कुणीतरी बॉल घेऊन येतो आणि हाताने खुणा करतो, बस. खडू सर म्हणतात ती चादर पण दिसली हो, ऑसर आणि हा एकत्र असले की रिंगखाली अक्षरशः सीताबर्डीची दिवाळीतली गर्दी.

पाटीवरचा_खडू | 28 फेब्रुवारी

चिठ्ठ्यांचा फोटो टाका. पोरीने लिहिलेल्या, तुमच्या नकोत.

संत्राबर्फी | 22 एप्रिल

झोपलो नाहीये, टायपो माफ करा.

न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिली मॅच कशी गेली माहितीये सगळ्यांना, पुढे होतो आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांनी सलग 21 पॉइंट केले आणि आम्ही बघत राहिलो. काल दुसरी. निक्सचं घरचं मैदान मॅडिसन स्क्वेअर गार्डन, केडचे 33, तरी आघाडी वितळत वितळत 94-94. शाळेचा दिवस, लेकीला दहाला झोपायचं म्हणून सांगितलं होतं, ती जिन्यात बसून बघत होती हे मला नंतर कळलं. मिनिटापेक्षा कमी शिल्लक, सगळ्या गार्डनचे डोळे केडवर, दोघंतिघं त्याच्याकडे सरकले, आणि बॉल श्रोडरकडे. थ्री. 97-94. जिन्यातून जी किंकाळी आली ती वरच्या मजल्यावर झोपलेल्या सासूबाईंना भूकंप वाटली.

100-94 जिंकलो. 2008 नंतर पहिली प्लेऑफ मॅच जिंकली, मधे सलग 15 हरलो होतो. बेंचवरून येऊन श्रोडरचे 20.

जुना_पिस्टन काका, तुमची फार आठवण आली.

काठावरचा_प्रेक्षक | 22 एप्रिल

ठीक आहे. शब्द मागे घेतो. 84 मिलियनचा नाही, बाकीचा.

फ्रीमाँटचा_काका | 22 एप्रिल

परत पाठवता का? 😢

संत्राबर्फी | 8 जुलै 2025

धागा वर आणतोय. निक्सनी शेवटी 4-2 ने काढलं, सहाव्या मॅचला त्यांच्या ब्रन्सनने चार सेकंद असताना थ्री मारला, त्यावर मी अजून बोलत नाही. आता श्रोडर सॅक्रामेंटोला चाललाय, तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, ब्राउनश्वाइगकर म्हणाले तसं पुन्हा सामान बांधलं. त्याच्या जागी कॅरिस लव्हर्ट, तो इथल्याच मिशिगन युनिव्हर्सिटीचा, पण तो तसा पॉइंट गार्ड नाही आणि समोरच्याच्या मागे कोर्टभर लागेल असंही वाटत नाही.

लेकीने फ्रिजवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढून नवीन कोरा गठ्ठा लावलाय. विचारतेय, "आता केड बसला की कोण?" नवीन धागा काढू की इथेच विचारू?