घरच्यांसोबत बघायला भीतीदायक किंवा सस्पेन्स सिनेमा सुचवा (नणंदेला सातवा महिना आहे, पूर्ण वाचून मगच सुचवा!)

डोंबिवलीकरीण:
मंडळी, येत्या शनिवारी रात्री घरीच सिनेमा बघायचा बेत आहे, पाऊस असा लागलाय की बाहेर पडायचं नाव नको. प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितेय. नणंद बाळंतपणाला माहेरी आलीये आणि आमच्या घरात हॉररचं वेड सगळ्यात जास्त तिलाच, सासूबाईंचं म्हणणं या दिवसांत असलं काहीबाही बघू नये, त्यावरून दोन दिवस धुसफूस झाली आणि शेवटी तह असा झाला की भूत चालेल पण अभद्र नको. अभद्र म्हणजे नक्की काय ते मात्र त्यांनी सांगितलेलं नाही 😅

बाकी प्रेक्षक म्हणजे सासरे (अर्ध्यात झोपतात), माझा अकरा वर्षांचा मुलगा (मला कशाचीच भीती वाटत नाही म्हणतो आणि मग बाथरूमला एकटा जात नाही) आणि नवरा, जो आयटीत टीम लीड आहे आणि घरी उशीमागून सिनेमा बघतो.

रक्ताचे पाट नकोत, आणि सासऱ्यांसमोर रिमोट शोधायची वेळ येईल असे सीन नकोत. सासूबाईंना सबटायटल वाचायचा कंटाळा आहे पण अगदीच चांगला असेल तर मी शेजारी बसून सांगेन. स्त्री, भूल भुलैया, कहानी, दृश्यम सगळ्यांचे बघून झालेत. तुंबाड आम्ही दोघींनीच बघितलाय, तो सगळ्यांसोबत चालेल का?

रातकिडा:
लपाछपी!! डोळे झाकून लपाछपी. विशाल फुरियाचा, थिएटरला 2017 मध्ये आला होता. पूजा सावंत आणि उषा नाईक, आणि उषा नाईकांनी त्यात जे काम केलंय ना, इतक्या प्रेमाने बोलते ती बाई आणि तरी तुम्हाला सोफ्यावर मागे सरकावंसं वाटतं. सगळ्यात भारी म्हणजे अंधार नाही, पडकी हवेली नाही, भर दुपारी उन्हात उसाच्या फडातली भीती आहे. ज्याने गावाकडे उसात एकटं उभं राहून बघितलंय त्याला कळेल, चार पावलं आत गेलं की बाहेरचं काही दिसत नाही आणि पाचट वाजत राहतं. याच डायरेक्टरने पुढे हिंदीत छोरी (2021) केला, पण मूळ मराठीच बघा.

खवट_आजोबा:
अहो रातकिडे, धाग्याच्या नावातच लिहिलंय वाचून सुचवा म्हणून. लपाछपीची नायिका गरोदर आहे, गावात येऊन राहिलेली आहे आणि पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही. सातव्या महिन्यातल्या मुलीला हा सिनेमा दाखवणार? तिच्या आईसमोर?

रातकिडा:
अरे हो की 🙈 उत्साहाच्या भरात. पण बाळंतपण झाल्यावर बघा, सिनेमा खरंच चांगला आहे.

एडिसनची_ताई:
या धाग्यामुळे मला एक गोष्ट जाणवली की हॉरर बनवणाऱ्यांना गरोदर बाई दिसली की राहवतच नाही. मी डोक्यातल्या डोक्यात यादी करायला लागले आणि एकेक गळतच गेला. रोझमेरीज बेबीचं (1968) तर नावच काढायला नको. अ क्वायट प्लेस (2018), ज्यात आवाज केला की मेलात, त्यात एमिली ब्लंट गरोदर. माधवनचा 13बी म्हणावं तर त्यातही तो धागा आहेच. बरं म्हटलं विनोदी घेऊ आणि तुमच्याच गावचा घेऊ, झोंबिवली (2022), तर तिथेही अमेय वाघची बायको गरोदर, आणि बाहेर अख्ख्या डोंबिवलीत झोंबी!

सासूबाईंचं अभद्र म्हणजे बहुतेक हेच असणार. बाळाला काही होणं, आईच्या अंगात काही शिरणं, हे नको. माझ्या पहिल्या वेळी मला साध्या जाहिराती बघून रडू यायचं, त्यामुळे मी त्यांच्या बाजूने आहे. तो नियम धरला तर निकोल किडमनचा द अदर्स (2001) पण सध्या बाजूला ठेवा. वरवर अगदी सभ्य सिनेमा आहे, रक्ताचा थेंब नाही, मोठं घर, धुकं, उजेड सहन न होणारी दोन मुलं आणि सगळे पडदे ओढलेले. पण शेवट आईपणावर येतो आणि तो नंतर कित्येक दिवस छळतो.

तिखटमीठ_पेरू:
तुंबाडबद्दल. माझा जीव आहे त्या सिनेमावर, राही अनिल बर्वे आणि टीमने खरा पाऊस मिळावा म्हणून कित्येक पावसाळे शूटिंग केलं आणि ते पडद्यावर दिसतं, तो पाऊस नळाचा वाटतच नाही. 2018 ला लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही आणि 2024 मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. नारायण धारपांच्या गोष्टीवरून सुचलेला आणि नाव पेंडश्यांच्या तुंबाडचे खोतवरून घेतलेलं, म्हणजे हिंदीत असला तरी मुरलेला मराठी सिनेमा. पण सुरुवातीचाच वाड्यातला एक सीन सासू-सासऱ्यांसमोर फार अवघड आहे, आणि नंतर ते गर्भगृह वगैरे प्रकरण. गर्भगृह शब्दशः आहे, म्हणजे देवीचा गर्भच, हे तुम्हाला माहितीच आहे. नको.

मुलासाठी मुंज्या (2024). आदित्य सरपोतदारचाच, झोंबिवलीवाला. कोकण, पिंपळ, मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला पोरगा, सासूबाईंना वेगळं काही समजवावं लागणार नाही, उलट त्याच तुम्हाला आणखी चार गोष्टी सांगतील.

खवट_आजोबा:
मुंज्याला हॉरर म्हणायचं म्हणजे कमाल आहे. कॉम्प्युटरवर केलेलं ते भूत बघून माझा नातू हसत होता. त्यापेक्षा तात्या विंचू भयानक होता, आणि तो रामदास पाध्येंचा खराखुरा बाहुला होता. झपाटलेला (1993) विनोदी म्हणून बघतो आपण, पण रात्री खोलीत कोपऱ्यात बाहुली ठेवून झोपून दाखवा.

माझं मत विचाराल तर घरात बघायचा सिनेमा घरातच घडणारा असावा. जंगल, किल्ला, परदेशी चर्च हे थिएटरात ठीक. आपण आपल्या हॉलमध्ये बसलोय आणि पडद्यावरही एक हॉल आहे, दार वाजतंय, मग मजा येते. त्या हिशोबाने दोनच नावं देतो.

इत्तेफाक, 1969 चा. नवा नव्हे. यश चोप्रांनी केलाय, एक गाणं नाही. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि पावसाळी रात्री एका बाईच्या घरात शिरतो, बाई एकटी आहे, बस, बहुतेक सिनेमा त्या घरातच. मूळ गुजराती नाटक होतं आणि ते कळतं, एकेक दार, पायऱ्या, फोन कुठे आहे ते आपल्याला पाठ होतं. राजेश खन्ना आहे म्हटल्यावर सासूबाई सबटायटलबिबटायटल सगळं विसरतील. आणि नंदा म्हणजे आपल्या मास्टर विनायकांची मुलगी, हे त्यांना सांगा, अर्धी लढाई जिंकलात.

दुसरा कौन, 1999. रामगोपाल वर्मा तेव्हा शुद्धीवर होता. उर्मिला घरात एकटी, बाहेर धो धो पाऊस, टीव्हीवर खुन्याची बातमी, आणि मनोज बाजपेयी बेल वाजवून मल्होत्रासाहेब आहेत का विचारतो. एवढाच सिनेमा. तो माणूस इतका चिकट बोलतो की भीती वाटावी का हसावं कळत नाही. गाणी नाहीत, दीड तासात संपतो, म्हणजे सासरे झोपायच्या आत. शेवटाकडे थोडं रक्त आहे, मुलाला तेवढ्यापुरतं पाणी आणायला पाठवा.

साऊंडवाला_बापू:
सिनेमा कुठलाही लावा, आवाजाचं आधी बघा, माझा धंदाच तो आहे म्हणून सांगतो. हॉररमध्ये अर्धी भीती कानातून येते आणि घरी तिचीच वाट लागते. या सिनेमांचं मिक्सिंग थिएटरसाठी केलेलं असतं, म्हणजे कुजबूज अगदी बारीक आणि किंचाळी एकदम मोठी, दोन्हींतलं अंतर मुद्दाम ठेवलेलं. घरी काय होतं की कुजबूज ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि मग दार आपटलं की खालचे काका वर येतात. तुमच्याकडे तर पोटुशी बाई आहे, तिला उगाच दचकवण्यात काय मजा. टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये नाईट मोड किंवा ऑटो व्हॉल्यूम असं काहीतरी असतं, ते चालू करा, मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. मी स्वतः एकटा बघताना ते कधीच लावत नाही पण तुमच्या मंडळींसाठी योग्य. आणि साउंडबार नसेल तर ऑडिओमध्ये 5.1 (सहा स्पीकरसाठी वाटलेला आवाज) च्या ऐवजी स्टिरिओ निवडता येतो का बघा, टीव्हीच्या दोन स्पीकरवर 5.1 लावलं की कधीकधी डायलॉग मागे पडतात.

अजून एक, ते मोशन स्मूदिंग बंद करा. नवीन टीव्हीत आपोआप चालू असतं आणि त्याने चांगला सिनेमा रोजच्या सिरीयलसारखा गुळगुळीत दिसतो. भूत काय घंटा घाबरवणार मग.

निवांत_नास्तिक:
सगळेच बाळबोध सुचवताय. खरा हॉरर बघायचा असेल तर कोरियन द वेलिंग (2016), अडीच तासांहून मोठा आहे, गावात पाऊस, रोग, मांत्रिक, आणि शेवटपर्यंत कोणावर विश्वास ठेवायचा कळत नाही. नाहीतर हेरेडिटरी. त्यानंतर झपाटलेला वगैरे बोलणार नाही कोणी.

एडिसनची_ताई:
निवांत, सासूबाईंना हेरेडिटरी? अरे कुटुंब टिकवायचंय त्यांना. एकट्याने बघण्याचा वेगळा धागा काढ, मीपण येते तिथे.

वाटाण्याची_उसळ:
मल्याळम सिनेमाचं कोणीच नाव घेतलं नाही म्हणून लिहिते. राहुल सदाशिवन नावाच्या दिग्दर्शकाचे दोन बघा. भूतकालम (2022), आई आणि मुलगा, भाड्याचं साधं घर, आजी जाते आणि मग घरात काहीतरी सुरू होतं, पण बराच वेळ आपल्याला वाटत राहतं की भूत नाहीये, ही दोघं एकमेकांशी नीट बोलत नाहीत हाच प्रॉब्लेम आहे. आईच्या कामात रेवती, तीच जी रामगोपाल वर्माच्या रातमध्ये (1992) झपाटलेली मुलगी होती. दुसरा भ्रमयुगम (2024), पूर्ण कृष्णधवल, जुनी मोडकी वास्तू, मोजकी माणसं, आणि मामुट्टी. तो हसतो तेव्हा बघा फक्त. रंग नाहीत त्यामुळे खोलीतला उजेड पूर्ण घालवा, ट्यूबलाईट चालू ठेवून बघितलात तर काळ्यातलं काही दिसणारच नाही. पण हे दोन्ही तुम्ही नणंद-भावजयीने दुपारी पडदे ओढून बघा, सगळ्यांना संथ वाटतील.

सगळ्यांसाठी मणिचित्रताळ (1993). भूल भुलैया झालाय तुमचा, म्हणजे गोष्ट माहीत आहे, तरी मूळ बघाच. शोभनाला त्यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं. हिंदीत जिथे धावपळ आहे तिथे यात थांबून राहिलेत, आणि एका साध्या खोलीतल्या सीनमध्ये तिचा आवाज बदलतो तेव्हा माझ्या आईने टीव्हीला हात जोडले होते.

तिखटमीठ_पेरू:
सासूबाईंसाठी हा खेळ सावल्यांचा (1976) विसरलो आपण. आशा काळे, घाणेकर. रात्रीस खेळ चाले हे गाणं त्यातलंच, सिरीयलने नाव तिथून उचललं. आजच्या हिशोबाने घाबरायला होणार नाही पण गाण्यांसाठी त्या शेवटपर्यंत जाग्या राहतील.

आणि इंग्लिश चालणार असेल तर वेट अन्टिल डार्क (1967). ऑड्री हेपबर्न अंध असते, घरात एकटी, आणि तिच्याकडच्या एका बाहुलीसाठी गुंड घरात येतात. तो लागला होता तेव्हा थिएटरवाले शेवटच्या भागात एकेक करत दिवे घालवायचे. तुमच्या मुलाला हे काम द्या, स्विचजवळ बसव त्याला, म्हणजे त्याचं लक्ष घाबरण्याऐवजी ड्युटीवर राहील.

डोंबिवलीकरीण:
किती सुंदर उत्तरं, धन्यवाद सगळ्यांना! घरात वाचून दाखवलं. राजेश खन्नाचं नाव ऐकून सासूबाई म्हणाल्या इत्तेफाक मी कॉलेजात असताना मैनाबरोबर बघितलाय, खुनी कोण ते आठवतंय, आणि सांगायलाच लागल्या, नणंदेने कसंबसं थांबवलं. त्यामुळे तो बाद, निदान त्यांच्यासोबत तरी. शनिवारी कौन ठरलाय. मुलगा आत्याबरोबर रविवारी मुंज्या बघेल, खवट आजोबा रागावू नका. भूतकालम आणि भ्रमयुगम आम्ही दोघी दुपारी, सासूबाई भजनाला गेल्या की. नाईट मोड सापडला, बापू, नवऱ्याला फार बरं वाटलंय.

एकच अडचण, कौन कुठे आहे? मला सापडतच नाहीये.

खवट_आजोबा:
आमच्याकडे मुलाने कुठून तरी लावून दिला होता. हे सिनेमे एका ॲपवरून दुसऱ्यावर उड्या मारत असतात, भाड्याने मिळतो का तेही बघा.

रातकिडा:
नुसतं कौन टाकून शोधू नका ताई, पानभर बच्चनसाहेब आणि करोडपती येतं. सोबत उर्मिला लिहा.