बंदरावरच्या ट्रक अपघाताची जबाबदारी एकट्या ड्रायव्हरवर का?

शिक्षक, समुद्रपूर तालुका
आमच्या गावचा एक ड्रायव्हर गेल्या हंगामात हिंगणघाटहून रुईगाठींचा कंटेनर घेऊन उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदराकडे निघाला. सातशे किलोमीटरहून अधिक रस्ता, सोबतीला दुसरा ड्रायव्हर नाही, आणि ठरल्या वेळेत गाडी गेटात शिरलीच पाहिजे असा फोनवर सारखा तगादा. पहाटे बंदराजवळ त्याचा डोळा लागला व एक दुचाकीस्वार दगावला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा त्याच्या एकट्यावर नोंदला गेला. चूक त्याची होती, हे मी नाकारत नाही. परंतु तगादा लावणाऱ्या माल पाठवणाऱ्याचे नाव एकाही कागदावर नसावे, हा मला अन्याय वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराची गाडी चालवणाराच नव्हे, तर ती चालवायला लावणाराही २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडास पात्र ठरतो. भाराला लावलेला न्याय जागरणालाही लावावा.

वकील, वर्धा
गुरुजी, तळमळ समजते, पण सहमत नाही. मृताच्या कुटुंबाला भरपाई लवकर मिळणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी कायद्यात वाट आहे: नोकराच्या कामातील चुकीला मालक जबाबदार, आणि मालकाच्या वतीने विमा कंपनी भरते. उद्या आपल्याकडचा माणूस तिकडे दगावला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मुळे त्याची पत्नी वर्ध्यातच दावा लावू शकते, तिला रायगड जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. त्यात माल पाठवणाऱ्याला पक्षकार केले, तर फोनवरचा तगादा सिद्ध करण्यातच वर्षे जातील आणि ती बाई ताटकळत राहील.

ट्रकमालक, हिंगणघाट
वकीलसाहेब, मग तगादा फोनवर राहूच देऊ नका. पोहोचण्याची वेळ बिल्टीवर, म्हणजे माल भरल्याच्या पावतीवर, लिहिणे सक्तीचे करा, पुरावा आपोआप तयार होईल. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली खरी, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू केला गेला. माझी गाडी एकच आहे. भाडे आणि वेळ दोन्ही समोरचा ठरवतो. मी नाही म्हटले, तर दुसरी गाडी उभीच असते.

जिनिंग व्यावसायिक, हिंगणघाट
भाऊ, गेटाची वेळ मीही ठरवत नाही, ती जहाज कंपनीकडून येते, आणि ती चुकली की माल पुढच्या जहाजावर जातो व नुकसान माझ्या माथी बसते. दोन ड्रायव्हर देणे हे गाडीमालकाचे काम आहे.

शिक्षक, समुद्रपूर तालुका
दुसऱ्या ड्रायव्हरची मजुरी आपण ठरवलेल्या भाड्यात धरलेली असते का, एवढेच सांगावे. नसेल, तर गाडी एकाच माणसाच्या जागरणावर चालणार हे माल भरतानाच आपल्याला ठाऊक असते, आणि ठाऊक असणाऱ्याने जबाबदारीचा वाटा उचलावा, एवढीच माझी मागणी आहे. वकीलसाहेबांची भीती रास्त आहे, म्हणून कुटुंबाला भरपाई आजच्याच वाटेने आधी द्यावी, आणि माल पाठवणाऱ्याचा हिशेब विमा कंपनीने त्यानंतर बिल्टी पाहून स्वतंत्रपणे करावा.