प्रोजेक्टरचं चित्र ‘सरळ’ करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

परवा हॉलमध्ये १०० इंची पडदा लावला, १६:९ चा, म्हणजे रुंदी साधारण २२१ सेंमी. प्रोजेक्टर टीपॉयवर, पुढून खाली दोन वह्या सारून तोंड वर केलं तर चित्र वर पसरलेलं आणि खाली आवळलेलं. आई म्हणाली तिरपं दिसतंय, भाऊ म्हणाला वाकडं आहे, मी म्हटलं थांबा सरळ करतो, आणि तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी! रिमोटवर याला कीस्टोन म्हणतात, मराठीत काय म्हणाल? कोनशिला चालेल का?

कोनशिला नको हो. ती पायाशी कोपऱ्यात बसते. कीस्टोन म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड, वर रुंद खाली निमुळता, आणि तुमचं चित्र अगदी तसंच झालंय कारण वरच्या कडेपर्यंत उजेडाला लांब जावं लागतं म्हणून तो तिथे जास्त फाकतो. भूमितीतला शब्द समलंब चौकोन, पण घरात तो कोण बोलणार.

माझे वडील गवंडी, त्यामुळे मला हे शब्द लहानपणापासून ऐकून पाठ आहेत. उभी कड ओळंब्यात (म्हणजे सरळ उभी), आडवी पाणसळीत (म्हणजे एका पातळीत) आणि कोपरे काटकोनात असले की गुण्यात. तिरपं म्हणजे अख्खं चित्र एका बाजूला कललंय, तिथे प्रोजेक्टरचा एक पाय वरखाली केला की झालं. तुमचं चित्र पाणसळीत आहे पण गुण्यात नाही, मी हाच शब्द वापरेन, ‘चित्र गुण्यात आणणे’. आणि नुसते कर्ण मोजून थांबू नका. घराच्या पायाची आखणी करताना आपण कर्ण जुळवतो, पण इथे दोन्ही बाजू सारख्याच कलत्या असल्या तर कर्ण बरोब्बर जुळतात आणि चित्र मात्र चुकलेलंच असतं, मी यात अख्खी संध्याकाळ घालवली, शेवटी टेप लावून वरची कड मोजली तर खालचीपेक्षा ९ सेंमी जास्त!

मग रिमोटने कीस्टोन केलं की आलं ना गुण्यात?

आकार येतो, पण ती मशीनने आतल्या आत केलेली काटछाट असते, काही पिक्सेल वाया जातात आणि सबटायटल्सची अक्षरं जराशी बोथट होतात. म्हणून मी त्याला ‘गुण्यात आणणं’ म्हणणार नाही, ‘छाटणं’ म्हणेन. लेन्स शिफ्ट, म्हणजे प्रोजेक्टर न हलवता नुसतं भिंग सरकवायची सोय असेल तर चित्र ‘सरकवणं’. दोन्ही नसेल तर आधी वह्या काढा, प्रोजेक्टर आडवा सपाट ठेवा आणि टीपॉयचीच उंची बदलून बघा.