मदत हवी आहे: पायथनच्या रेगेक्समध्ये 'तिऱ्हे' गावाचं नुसतं 'हे' होतंय

चाटीगल्लीकर
नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामर नाही. बी.कॉम. झालोय आणि पायथन व्हिडिओ बघून शिकलोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

सोलापुरात मामांचं टॉवेल-चादरीचं होलसेल दुकान आहे. खेड्यापाड्यातल्या ऑर्डरी मराठीतच येतात. काही व्हॉट्सॲपवर येतात, त्या मी चिकटवतो. फोनवरच्या दिवाणजी दुकानातल्या जुन्या संगणकावर टाइप करतात. सगळं एकाच टेक्स्ट फाइलीत जातं. त्यातून गाव आणि डझन वेगळे काढून मंगळवेढा रोडच्या टेम्पोसाठी गाववार यादी करायची, एवढंच काम. ओळी अशा असतात:

कामती ८ डझन
तिऱ्हे १२ डझन
बेगमपूर ५ डझन
तिर्‍हे ६ डझन

रेगेक्सचा पॅटर्न (ओळीत काय शोधायचं त्याचा नमुना) हा, 'सर्च' वापरून:

([ऀ-ॿ]+) +([०-९]+) डझन

आधी गावासाठी बॅकस्लॅश डब्ल्यू (अक्षर-अंकांसाठीची खूण) होतं. तेव्हा बेगमपूरचा फक्त 'र' हाती लागायचा आणि कामती तर सापडायचंच नाही. मग देवनागरीची अख्खी रेंज टाकली, तेव्हापासून सगळं सुरळीत. फक्त तिऱ्हे सोडून! दुसरी ओळ बरोबर येते, चौथीचं गाव 'हे' असं येतं. काल यादीत तळाला 'हे – ६ डझन' छापलं गेलं. मामा विचारतात, "हे कुठलं गाव रे?" तोवर टेम्पो गेला होता, गठ्ठा पायरीवरच राहिला.

डोळ्यांना दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. चौथ्या ओळीतलं गाव खोडून मी मोबाइलवरून टाकलं की चालतं. स्ट्रिप करून पाहिलं, फाइल पुन्हा यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली, काही फरक नाही.

कडक_भाकरी
स्ट्रिप फक्त दोन्ही टोकांची मोकळी जागा काढतं, मधलं काही काढत नाही. मला वाटतं नुक्त्याची (अक्षराखालच्या टिंबाची) भानगड आहे. 'ऱ' हे एक अक्षर म्हणूनही साठवता येतं आणि र अधिक नुक्ता असंही. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ एनएफसी लावून चालवा, दोन्ही एक होतील. गावाची लांबीही मोजा.

चाटीगल्लीकर
लांबी चांगल्या ओळीत ६, वाईट ओळीत ७. म्हणजे तुमचं बरोबर वाटलं. पण एनएफसी लावूनही ७ च राहतेय आणि 'हे' तसंच.

अर्धा_र
७ नुक्त्यानेही होतात, पण एनएफसीनंतर ६ झाले नाहीत म्हणजे तो संशय गेला. पूर्ण ओळ नुसती प्रिंट करू नका, रेप्रमधून प्रिंट करा. न दिसणारी अक्षरं तिथे कोडसकट उघडी पडतात. हलंतानंतर काय दिसतं ते सांगा.

चाटीगल्लीकर
र्, मग बॅकस्लॅश यू २००डी, मग हे. हा कोण पाहुणा?

अर्धा_र
झिरो विड्थ जॉइनर. रुंदी शून्य, म्हणून दिसत नाही. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ + हलंत, किंवा साधा र + हलंत + हा जॉइनर. आज पहिली पद्धत योग्य मानतात. दुसरी युनिकोड २.० च्या काळातली, जुना मजकूर बिघडू नये म्हणून अजून चालते. छापून दोन्ही सारखेच येतात.

तुमची रेंज म्हणजे युनिकोडमधले क्रमांक ०९०० ते ०९७एफ. जॉइनर २००डी वर, म्हणजे रेंजच्या बाहेर. सर्च 'तिर्' पर्यंत जातं, पुढे मोकळी जागा हवी तिथे जॉइनर भेटतो, अडतं. मग पुढे पुढे सरकत 'हे' पाशी जुळतं आणि खुशाल तेच गाव म्हणून देतं. एनएफसी जॉइनरला हात लावत नाही.

आता सगळे जॉइनर पुसून टाकावेत असं वाटेल, ते नका करू. पुसलात तर साधा रफार होतो. 'आचाऱ्यांना जेवण सांगा' चं 'आचार्यांना जेवण सांगा' झालं की स्वयंपाकी बाजूला आणि गुरुजी पंगतीत! आधी र + हलंत + जॉइनर या तिघांच्या जागी ऱ + हलंत घाला. त्यानंतर उरलेले जॉइनर पुसा. क्रम उलटा झाला तर 'तिर्हे' नावाचं तिसरंच गाव तयार होईल.

आणि सर्चऐवजी फुलमॅच वापरा, ओळीला आधी स्ट्रिप लावून. पूर्ण ओळ जुळली नाही तर ती वेगळ्या यादीत टाका. चुकीचं उत्तर मुकाट्याने मिळण्यापेक्षा उत्तर न मिळालेलं परवडलं, निदान टेम्पो सुटायच्या आत कळतं.

कडक_भाकरी
हे माहीत नव्हतं. मला वाटायचं एनएफसी लावलं की सगळं एक होतं.

अर्धा_र
'ॲ' चंही तेच आहे. एकसंध ॲ आणि अ + चंद्र, दोन वेगळे, एनएफसी जोडत नाही. दुकानांच्या नावात येत असेल तर तेही बदलून घ्या.

चाटीगल्लीकर
चाललं! फाइलीतले जॉइनरवाले सगळे तिऱ्हे दिवाणजींच्या संगणकावरचे निघाले. व्हॉट्सॲपवरचा एकही नाही. मी उगाच गिऱ्हाइकाला दोन वेळा फोन करून "नीट टाइप करा की" म्हटलं होतं. दिवाणजींना नवा कीबोर्ड शिकवायला जाणार नाही, एवढ्या वर्षांची सवय आहे. स्क्रिप्टमध्येच बदल टाकला.

एक अजून सापडलं. यादीत बेगमपूर दोनदा येतंय, एक 'बेगमपूर' आणि एक 'बेगमपूरः'. कोलनच्या जागी विसर्ग पडलाय, आणि विसर्ग रेंजच्या आत असल्यामुळे फुलमॅचलाही पत्ता नाही. गावाच्या शेवटी विसर्ग आला की तो काढतोय. विसर्गाने संपणारं गाव आमच्या टेम्पोच्या वाटेवर एकही नाही, तेव्हा चालून जाईल.