लष्करातला सहायक (साहेबाच्या दिमतीला दिलेला जवान) फील्डपुरता, म्हणजे आघाडीपुरता, ठेवावा की कायमचा बंद करावा?

निवृत्त_नाईक
परवा सात रस्त्यावर चहा पिताना भाच्यानं विचारलं, "मामा, भरती झाल्यावर साहेबाच्या घरची भांडी घासावी लागतात का ओ?" तो अग्निवीरची तयारी करतोय. मी कप ठेवला अन् गप्प बसलो.

चौदा महिने सहायक होतो. फील्डमध्ये साहेबांचा रेडिओ सेट माझ्या पाठीवर, त्यांचं हत्यार मी तपासायचो, बंकर एकच, डबा एकच. तिथं कधी कमीपणा वाटला नाही. पुढं पीस स्टेशन आलं, म्हणजे आघाडीपासून लांबची छावणी. साहेब तेच, मीही तोच, पण सकाळ सुरू व्हायची ती कुत्र्याच्या पट्ट्यानं. बक्कल चमकवून अंगठ्याला ब्रासोचा वास राहायचा, त्याचं काही नाही, तो वर्दीचा होता. कुत्र्याचं काय?
माझं मत: फील्डमध्ये ठेवा, पीसमध्ये बंद करा.

विजापूर_रोड_सुभेदार
नाईक, अर्धंच सांगितलंत. सहायक आम्हा जेसीओंनाही (जवान अन् अधिकारी यांच्या मधले, सुभेदारासारखे) मिळायचा, त्यावर कोणी बोलत नाही. कमांडिंग ऑफिसर पहाटे पीटीला, रात्री फायलींवर. बूट-बेल्टमध्ये त्याचा तास घालवायचा का? शिवाय बडी, म्हणजे साहेबाचा लढाईतला जोडीदार, पीसमध्येच जमतो. लढाईच्या दिवशी नवा माणूस दिला तर साहेबाची सवय कधी कळणार त्याला?

बार्शीची_लेक
काका, नौदलात अन् हवाई दलात ही पद्धत नाही. तिथले अधिकारी काय चुरगळलेल्या वर्दीत फिरतात? 2008 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं ही पद्धत बंद करा म्हणून सांगितलं होतं. 2017 मध्ये जवानांचे तक्रारीचे व्हिडिओ फिरले तेव्हा लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवायला लावल्या. पेटीत चिठ्ठी टाकणारा उद्या फॉलइनला, हजेरीच्या रांगेत, त्याच साहेबासमोर उभा राहणार की!

विजापूर_रोड_सुभेदार
ताई, जहाजावर बंकर खोदत नाहीत. पायदळाचं गणित वेगळं.
व्हिडिओचं म्हणाल तर शिस्त मोडून मोबाईलवर रडणं मला पटलं नाही, आजही पटत नाही.

कन्ना_चौक
तुम्ही दोघं बुटातच अडकलात. खरं काम बदललंय ते एडीसीचं, म्हणजे जनरलच्या दिमतीच्या तरुण अधिकाऱ्याचं. जनरलच्या मागं एक पाऊल, खांद्यावर सोनेरी दोरी, वयानं तरणा कॅप्टन. पूर्वी डायरी अन् पाहुण्यांची यादी. आता दौरा, फोन, मेसेज, ऐन वेळी बदललेला कार्यक्रम, सगळं त्याच्या मोबाईलवर. जनरल निर्णय कसा घेतो हे त्याला जवळून दिसतं, पुढं त्याचं करिअर घडतं. सहायकाला काय शिकायला मिळतं, इस्त्री?

निवृत्त_नाईक
मला रेडिओ शिकायला मिळाला, पण फील्डमध्ये. सुभेदारसाहेब, बडी पीसमध्ये जमतो हे मान्य. गोळीबाराच्या रेंजवर जमवा, पीटीत जमवा, मेमसाबच्या भाजीच्या पिशवीत कसा जमणार?

विजापूर_रोड_सुभेदार
पिशवी चूकच. ती नियमात कधीच नव्हती.

बार्शीची_लेक
नियमात नव्हती, तरी हातात होती.

निवृत्त_नाईक
भाच्याला काय सांगू ते राहिलंच. उद्या पहाटे होम मैदानावर नेतोय त्याला. सोळाशे मीटरला शेवटच्या फेरीत अजून दमतो गडी.