वय ६९ : सातपुड्यातली चाल आणि एअर रायफल दोन्ही सुरू ठेवायचं आहे, मदत हवी आहे

राम राम मंडळी,

मी शहाद्याचा, निवृत्त शिक्षक. डोंगरात चालणं आणि १० मीटर एअर रायफल, या दोन्ही गोष्टी जमेल तितकी वर्षं करायच्या आहेत. मुलगा म्हणतो, बाबा, आता सकाळी ग्राउंडला दोन फेऱ्या मारा, पुरे झालं. सौ.चं एकच, "आते या वयमा बंदूक कसाले?" त्यांची काळजी मला कळते. पण स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं रौप्यपदक मिळवलं तेव्हा ते ७२ वर्षांचे होते, आणि उत्तर प्रदेशच्या चंद्रो तोमर यांनी तर साठी उलटल्यावर पहिल्यांदा पिस्तूल हातात धरलं. मला पदक नको आहे. जिल्ह्याच्या एखाद्या स्पर्धेत ज्येष्ठांबरोबर उभं राहता आलं तरी आनंद आहे.

बंदूक म्हटलं की आमच्या भागात शिकारीचा विषय निघतो, म्हणून आधीच सांगतो. शिकारीशी माझा संबंध नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद झाली ते उत्तमच झालं. माझं लक्ष्य कागदाचं. रायफल ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली, म्हणजे परवान्याची गरज नसलेली. धुळ्याला कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवायचो, तेव्हापासून नेमाची ओढ आहे.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी अडचण डोळ्याची. नेम धरायच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि लांबचं दिसेल अशी लेन्स बसवली. तोरणमाळच्या यशवंत तलावाचा पलीकडचा काठ लख्ख दिसतो, पण रायफलची पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण, धूसर. चष्म्याच्या दुकानात 'वाचायचा' आणि 'लांबचा' एवढे दोनच नंबर निघतात. साइट दोन्हींच्या मधे, डोळ्यापासून हातभरापेक्षा थोडी जास्त. १० मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे धूसर साइट घेऊन काय करणार? या अंतरासाठी कुणी चष्मा करून घेतला आहे का?

दुसरं, रक्तदाबाची गोळी. ती बीटा ब्लॉकर आहे. या गोळीने हाताचा कंप कमी होतो म्हणून नेमबाजीत ती बंदी असलेल्या औषधांत येते, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. हीच गोळी डोंगरातही आडवी येते. नाडी वाढूच देत नाही, त्यामुळे चढावर घड्याळात नाडी बघून 'अजून दम आहे' असं ठरवता येत नाही. तुम्ही अशा वेळी कशावरून ठरवता?

तिसरं, गुडघे. चढ चालतो, उतार नाही. दिवाळीत तळोद्याहून अस्तंब्याची यात्रा निघते, अश्वत्थाम्याच्या शिखरावर रात्रीची चढाई असते. यंदा जायचंच आहे. वर पोचण्याची चिंता नाही, खाली यायची आहे. बांबूची एक काठी वापरतो.

आणि आमचा उन्हाळा. पारा ४५ च्या घरात गेला की डोंगर बंद, पत्र्याच्या शेडमधली प्रॅक्टिसही बंद. पावसाळा लागेपर्यंत पायातलं बळ निघून जातं आणि या वयात ते परत यायला फार वेळ घेतं.

जाणकारांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद १ (पुणे, वय ६१, रायफल)

सर, डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर रायफल खांद्याला लावून टेपने मोजून घ्या आणि तो आकडा नेत्रतज्ज्ञांना द्या. शक्य असेल तर रायफलचा फोटोही दाखवा. बसवलेली लेन्स जवळ-लांब अशी बदलत नाही, म्हणून लांबच्या नंबरात साधारण अर्धा डायऑप्टर (चष्म्याच्या नंबराचं माप) अधिक करून बघायला सांगा. पुढची साइट स्वच्छ आणि लक्ष्य थोडं पुसट दिसलं, तर ते बरोबर आहे. मागच्या साइटला लहान-मोठं करता येणारं छिद्र मिळतं. छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट होतं, मात्र उजेड भरपूर लागतो.

गोळीबद्दल कळकळीने सांगतो, स्पर्धेसाठी ती मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम थांबवली तर हृदयावर उलटू शकते. तुमच्यासाठी दुसरं औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही बंदीच्या यादीत आहेत, तेही त्यांच्या कानावर घाला.

प्रतिसाद २ (धुळे, फिजिओथेरपिस्ट)

काका, चढावर नाडीऐवजी बोलणं वापरा. सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर चाल ठीक आहे. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर त्या दिवशी पुढे जायचंच नाही.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. तो तसाच तयार करावा लागतो. घरातल्या बुटक्या पायरीवर उभं राहून एक पाय अगदी सावकाश खाली टेकवा, पुन्हा वर. एक दिवसाआड करा, गुडघा सुजला तर थांबा. हे उन्हाळ्यात पंख्याखालीही होतं, म्हणजे तुमचा तो प्रश्नही थोडा सुटेल. काठ्या दोन घ्या. उतरताना त्या थोड्या लांब हव्यात. आणि तहान लागायची वाट पाहू नका, वयाबरोबर ती उशिरा जाणवते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. टेपने मोजलं, ९४ सेंटिमीटर भरलं. सोमवारी नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि तिथूनच गोळीचं विचारायला जातो. पायरीचा व्यायाम आज सुरू केला.

एक राहिलं. उन्हाळ्यात घरात नुसता नेम धरण्याचा सराव करायचा आहे, पण माझी रायफल स्प्रिंगची. छर्‍याशिवाय घोडा ओढला तर पिस्टनला मार बसतो. घोडा न ओढता, फक्त रायफल धरून उभं राहण्याचा सराव कुणी करतं का? एका वेळी किती मिनिटं धरावी, कमरेला त्रास न होता?